आपांचं रेशीम

आपांनी पहिल्याच भेटीत माझ्या साडीचा दोरा जाळला.

मी नोकरी मागायला गेले होते. दिघीत लष्कराच्या भिंतीला लागून एक गल्ली आहे, तिच्या टोकाला पत्र्याची लांबट शेड होती. दारावर खडूनं लिहिलं होतं, ‘फोन आणि कम्प्युटर येणारी बाई पाहिजे. शिलाई नाही आली तरी चालेल.’ आत रेशमाच्या वस्तू होतात असं शेजारणीनं सांगितलं होतं, म्हणून मी माझी एकुलती एक रेशमी साडी नेसून गेले. लग्नात वडिलांनी घेतलेली. आपा टेबलापाशी कात्री घेऊन उभ्या होत्या. साठीच्या, उंच, हडकुळ्या, अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेला सुती सलवार-कमीज. त्यांनी नाव विचारलं नाही की शिक्षण विचारलं नाही. माझ्या पदराकडे बघितलं, “बघू,” म्हणाल्या, कडेचा एक दोरा ओढून काढला, चिमट्यात धरला आणि काडी ओढली.

दोरा वितळला आणि टोकाला काळा मणी झाला.

“कसला वास येतोय?” त्यांनी विचारलं.

“प्लास्टिक जळल्यासारखा.”

“व्हय. खरं रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो, अन् राख बोटात चुरली जाते. हे न्हाई चुरायचं.”

मला रडू आलं. ही साडी घेताना वडील बीडच्या एका दुकानात दोन तास बसले होते, चहासुद्धा नको म्हणाले होते. आपांनी तांब्यातून पाणी ओतून माझ्यापुढे धरलं.

“तुझा बाप खोटा न्हाई, पोरी,” त्या म्हणाल्या. “त्याला फसवलं. आपण इथं बसून दुसऱ्या कुणाच्या बापाला फसवायचं न्हाई, एवढंच काम हाय. उद्या दहाला ये.”

त्या शेडमध्ये मी सात वर्षं काढली आहेत, आणि अजून काढते आहे.

आपा मूळच्या पिंपरीच्या, जुन्या गावातल्या. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. चाकणजवळच्या एका कंपनीत त्यांनी बावीस वर्षं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली. ती सोडून त्यांनी चार मशिनं घेतली आणि रेशमाचे स्टोल, पोटल्या, टाय, केसांचे बो असलं काही करायला सुरुवात केली. सीट कव्हरवरून एकदम रेशीम कसं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “बावीस वर्षं माणसांच्या बुडाखालचं शिवलं. म्हटलं, आता गळ्यातलं शिवू.”

स्वतः मात्र त्यांनी रेशीम कधी अंगाला लावलं नाही. कारण विचारलं की दर वेळी वेगळं सांगायच्या. एकदा म्हणाल्या, उकडतं. एकदा म्हणाल्या, स्वतःच्या हातचं आवडायला लागलं की चुका दिसायच्या बंद होतात.

साडेपाच वाजले की त्या मेन स्विच खाली ओढायच्या. आधी सूचना नाही, घंटा नाही. कुणाची सुई अर्ध्या कापडात असली तरी मशीन तिथंच थांबायचं. पहिल्या महिन्यात माझ्या कम्प्युटरवरची पत्रं अशी तीन वेळा गेली. मी चिडून म्हटलं, “आपा, पाच मिनिटांनी काय बिघडणार होतं?” त्यांनी डाव्या हाताची तर्जनी माझ्यापुढे धरली. ते बोट मधल्या पेरात वाकत नाही. कंपनीत ओव्हरटाइमच्या तिसऱ्या तासाला त्यातून सुई आरपार गेली होती. लाइन थांबवायचं बटण हाताच्या अंतरावर होतं, पण दाबलं नाही. लाइन थांबवली की नाव लिहून घ्यायचे. त्यांनी रुमाल गुंडाळून शिफ्ट पुरी केली.

हे सांगून त्या घरी गेल्या. पुढं बरीच वर्षं तो विषय निघाला नाही.

रंगासाठी त्यांना कांद्याची टरफलं लागत. चाकणच्या बाजारात कांद्याची पोती उचलली की खाली टरफलांचा ढीग उरतो. आपा आठवड्याला एकदा दोन रिकामी पोती काखेत मारून जायच्या आणि भरून आणायच्या. तुरटीच्या पाण्यातून काढलेलं रेशीम त्या टरफलांच्या उकळीत घातलं की पितळी पिवळा रंग यायचा, आणि दुसऱ्यांदा घातलं की गंजासारखा. कंपनीच्या बसचा जुना ड्रायव्हर ओळखीचा होता. रिकामी बस परत येताना तो त्यांना पोत्यांसकट घ्यायचा. एकदा मीही बरोबर होते. मोशीपर्यंत आलो आणि ड्रायव्हर म्हणाला, “आपा, उद्या सकाळच्या शिफ्टची पोरं विचारतील राव, गाडीत कांदाभजी तळली का म्हणून.”

“तळली म्हण,” आपा म्हणाल्या, “अन् तुमाला ठेवली न्हाई म्हण.”

गिऱ्हाइकांशी त्या ज्या तऱ्हेनं वागायच्या ते बघून मला घाम फुटायचा. फोटो काढून, फोनवर गोड बोलून मी माणसं शेडपर्यंत आणायची आणि आपा त्यांची उलटतपासणी घ्यायच्या. एक बाई दोन महिन्यांत दुसरा स्टोल घ्यायला आल्या, तर आपांनी विचारलं, “पहिला फाटला का?”

“नाही, पण वेगळा रंग हवा होता.”

“पहिला घेऊन या. त्यालाच दुसऱ्यांदा रंगवून देते. पैशे नकोत.”

बाई गेल्या त्या गेल्याच, असं मला वाटलं. पण आठवड्यानं त्या खरंच जुना स्टोल घेऊन आल्या, आणि बरोबर आईच्या दोन विरलेल्या साड्या, त्यांच्या पोटल्या करा म्हणून. आपांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना जिंकल्याचं दाखवायची सवय नव्हती.

जिभेला धार मात्र फार. टाका वाकडा दिसला की अख्खी शिवण उसवायला लावायच्या आणि वर म्हणायच्या, “हे सीट कव्हर असतं तर शंभरच्या स्पीडला ड्रायव्हर बाहेर पडला असता.” शबाना नावाची एक अबोल बाई होती, नवरा भोसरीत मेकॅनिक. तिला असं बोलल्या की ती दिवसभर मान वर करायची नाही. मला ते खटकायचं. एकदा बोलून दाखवलं. आपा म्हणाल्या, “ती सगळ्यांत चांगली शिवते, म्हणून तिलाच बोलते.” हे शबानाला सांगा म्हटलं, तर म्हणाल्या, “तुला सांगितलं ना.”

मी कामाला लागल्यावर वर्षभरानं आपा माझ्या माहेरी आल्या. माझा मामेभाऊ बीडजवळ तुती लावून रेशमाचे किडे पाळतो. आपांना रेशीम पहिल्यापासून बघायचं होतं. भावाच्या शेडमध्ये हजारो किडे तुतीची पानं कुरतडत होते, त्याचा बारीक सतत आवाज येत होता. आपा दोन तास उकिडव्या बसून राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “पुढं?” भाऊ आम्हाला जवळच्या एका कारखान्यात घेऊन गेला, जिथं कोषातून दोरा काढतात.

किडा स्वतःभोवती कोष विणतो तो एका सलग दोऱ्याचा. आतला पतंग बाहेर पडला तर कोष फुटतो आणि दोरा तुटतो. म्हणून तो बाहेर पडायच्या आत कोष गरम पाण्यात घालतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि त्यात काही वाटत नव्हतं. आपा मात्र पाण्याकडे बघत नव्हत्या. दोऱ्याचं टोक शोधायला एक बाई त्या पाण्यात बोटं घालत होती, तिच्या बोटांकडे बघत होत्या. टोकं पांढरी पडून सोलली होती.

“दिवसभर?” आपांनी विचारलं.

“आठ तास,” बाई म्हणाली. “सवय होते की.”

परतीच्या गाडीत नगर येईपर्यंत आपा आपलं न वाकणारं बोट चोळत होत्या. मग म्हणाल्या, “किडा मरतो अन् बाईची बोटं जातात. एका कापडासाठी दोन जीव कशाला?”

“माझ्या भावाचं घर त्यावर चालतं, आपा.”

“मी त्याला पापी म्हणत न्हाई. त्यानं पिकवावं, ज्याला घ्यायचंय त्यानं घ्यावं. मला दुसरं मिळतंय का बघते.”

दुसरं मिळत होतं. अंड्यांसाठी जिथं पतंग बाहेर पडू देतात, तिथं फुटके कोष उरतात. ते कापसासारखे पिंजून कातायचे. त्याचं कापड थोडं जाडसर, बोटाला बारीक गाठी लागणारं, झळाळी कमी, काठाचा दोरा ओढला की लगेच तुटणारा. आपांना ते एकदम पसंत पडलं. त्यानंतर जुन्या साड्या आणि हे फुटक्या कोषांचं कापड, एवढंच शेडमध्ये यायला लागलं. प्रत्येक नगाला दोन लेबलं. एकावर शिवणाऱ्या बाईचं नाव. दुसऱ्यावर, नव्या कापडाचं असेल तर, ‘यासाठी कोष उकळलेला नाही. आपा.’ सही खरी असायची. त्यांनी ती कागदावर केली आणि मी छापून घेतली.

आता जे घडलं ते सांगते. त्यात माझा वाटा आहे.

एका मोठ्या कंपनीनं परदेशी पाहुण्यांसाठी तीनशे स्टोल मागितले. एवढं मोठं काम आम्हाला कधी मिळालं नव्हतं. त्यांना ते लेबलच हवं होतं. त्यांच्या मॅडमनी फोनवर ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. त्याच सुमारास आपांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात. जाताना मला म्हणाल्या, “मी येईस्तोवर तू बघ.” सात बायकांची शेड माझ्या हातात होती आणि मला ते करून दाखवायचं होतं.

नेहमीच्या विणकराकडे कापड कमी पडलं. त्यानं दुसऱ्या व्यापाऱ्याचा नंबर दिला. त्या माणसानं सगळे तागे चार दिवसांत पाठवले, वर फुटक्या कोषांचं असल्याची चिठ्ठी. मी पहिला तागा उलगडला आणि माझा हात थांबला. कापड गुळगुळीत होतं. काठाचा एक दोरा धरून ओढला, तर तो तुटेना. येतच राहिला, लांब, चमकदार, सलग. काडी लावून बघितली. केस जळल्याचा वास आला, राख चुरली. रेशीम खरं होतं. पण ते कोष उकळल्याशिवाय निघणारं नव्हतं.

मी दोरा मुठीत चुरगाळला आणि केराच्या टोपलीत टाकला. मनाला सांगितलं की रेशीम तर अस्सल आहे, पाहुण्यांना काय कळतंय, आपांना या वेळी त्रास नको. बायकांना म्हटलं, “घ्या कापायला.”

आपा आल्या तेव्हा दोनशेच्या वर स्टोल शिवून झाले होते. काळा चष्मा लावलेल्या, भाच्याचा हात धरून. त्यांना नीट दिसत नव्हतं. टेबलापर्यंत आल्या, रचलेल्या स्टोलवर हात ठेवला आणि तो हात तिथंच राहिला. मग त्या एकेक स्टोल चाचपत खाली खाली गेल्या. सगळी मशिनं थांबली.

“हे कुणी घेतलं?”

“मी,” मी म्हटलं. “व्यापाऱ्यानं चिठ्ठी दिली होती. मला कळलं नाही, आपा.”

त्यांनी एका स्टोलच्या काठावरून पुन्हा बोट फिरवलं आणि तो घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या कंपनीत गेल्या. काचेच्या खोलीत आम्हाला बसवलं. मॅडम तिशीच्या, बोलायला गोड. आपांनी चष्मा न काढता सांगितलं, “माझ्याकडून चूक झालीय. रेशीम खरं हाय, लेबल खोटं हाय. उकळलेल्या कोषाचं कापड आलं. तुमाला तसंच हवं असेल तर लेबल काढून देते.”

मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या, “आपा, कार्यक्रम दहा दिवसांवर आलाय. लेबल राहू दे ना. हे कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय की,” आपा म्हणाल्या.

मॅडमनी वरच्या साहेबांना फोन केला. लेबल नसेल तर त्यांना स्टोल नको होते. पाच मिनिटांत काम गेलं. आपांनी दोघांचे चहाचे कप उचलून ट्रेमध्ये ठेवले आणि आम्ही निघालो.

रिक्षात मला राहवेना. नाशिक फाटा ओलांडताना मी म्हटलं, “आपा, मला कळलं होतं. पहिल्याच दिवशी.”

“ठावं हाय.”

“कसं?”

“एका स्टोलच्या काठाला दोरा ओढल्याची रेघ हाय. काल बोटाला लागली. काठाचा दोरा ओढून बघायला तुला मीच शिकवलंय.”

“मग तिथं तुम्ही स्वतःची चूक का म्हणालात?”

त्यांनी बाहेर तोंड वळवलं. दिसत काही नसणार. “लेबलावर माझी सही हाय,” म्हणाल्या. “तुझी न्हाई.”

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशिनं सुरू व्हायच्या आत मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं. काम गेलं ते माझ्यामुळे, मला माहीत असून मी कापड कापायला दिलं.   सुमनताई सगळ्यांत जुन्या, दिघी गावठाणातल्या. त्या हातातली कात्री खाली ठेवून म्हणाल्या, “तू एकलीच न्हाईस. आमच्याबी हाताला लागत हुतं. रोज हाच धंदा, बोटाला कळतं की. आमी म्हटलं, काम मोठं हाय, कशाला बोला.”

“सगळ्यांना?” आपांनी विचारलं.

कुणी मान वर केली नाही. शबानाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

आपा स्टुलावर बसल्या. मला वाटलं आता शेड बंद करणार. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, “कंपनीत लाइन थांबवायचं बटण असायचं. बावीस वर्षांत मी एकदाबी दाबलं न्हाई. बोटात सुई गेली तरी न्हाई. मला वाटायचं, ते बटण फोरमनच्या भ्यानं दाबता येत न्हाई.” मग शबानाकडे तोंड करून म्हणाल्या, “इथं तुमी माझ्या भ्यानं गप्प बसलात काय गं?”

शबानानं डोळे पुसले. सुमनताईंनीच उत्तर दिलं. “थोडं भ्या, थोडी गरज. पण आपा, तुमची जीभ लई चालते. ती चालली की माणूस आपली मान खाली घालून शिवतो.”

आपांना असं तोंडावर कुणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत लावला. “बरं,” म्हणाल्या. “आजपासून जिला कापड, रंग, टाका, काहीबी चुकीचं वाटलं तिनं ‘थांबा’ म्हणायचं. सगळ्यांनी थांबायचं. चुकून म्हटलं तरी तिला कुणी काही बोलायचं न्हाई. मीबी न्हाई.”

तीन दिवस आम्ही लेबलं उसवत होतो. बायकांची मजुरी त्याच आठवड्यात मिळाली. कोपऱ्यातलं सगळ्यांत चांगलं मशीन सोमवारी जागेवर नव्हतं, पण त्याबद्दल विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. ते स्टोल आपांनी प्रदर्शनात मांडले. मला पाटी लिहायला लावली, ‘साधं रेशीम. कोष उकळून काढलेलं.’ माणसं पाटी वाचायची, हसायची, काही पुढं जायची. काही थांबून विचारायची की रेशमासाठी कोष उकळतात का. आपा खुर्ची ओढून सगळं सांगायच्या. स्टोल संपायला दीड वर्ष लागलं.

‘थांबा’ म्हणायला मात्र कुणी तयार नव्हतं. नियम झाला, भिंतीवर लागला, आणि तसाच राहिला. आपांची जीभ खरंच आवरली होती. कधी एखादा शब्द यायचा आणि त्या तो गिळायच्या, ते आम्हाला दिसायचं. पण भीती एवढ्यानं जात नाही.

गेल्या हिवाळ्यात आपांनी स्वतः एक तागा पास केला. ऑपरेशनला अडीच वर्षं झाली होती, दुसरा डोळाही मंद होत चालला होता. त्यांनी कापडावर हात फिरवला, “चांगलं हाय,” म्हणाल्या आणि टेबलावर पसरून कात्री उचलली. शबाना समोर बसली होती. तिचं मशीन थांबलं.

“आपा,” ती म्हणाली. “थांबा.”

एवढ्या बारीक आवाजात, की मला वाटलं कुणी ऐकलं नसेल. पण एकेक मशीन बंद पडत गेलं. शबाना उठली, कापडाच्या काठाचा दोरा धरला आणि ओढत राहिली. दोरा तुटला नाही. तिनं तो आपांच्या तळहातावर ठेवला आणि एक पाऊल मागं सरकली.

आपांनी दोरा दोन्ही हातांत धरून ताणला. परत कापडावर हात फिरवला, या खेपेला सावकाश. “माझ्या बोटाला न्हाई कळलं,” त्या म्हणाल्या.

“ते थंडीमुळे बोटं बधिर होतात, आपा,” मी पटकन म्हटलं.

“तू गप,” आपा मला म्हणाल्या. मग शबानाचा हात धरून त्यांनी तिला टेबलाच्या या बाजूला, आपल्या जागेवर आणून उभं केलं आणि कात्री तिच्या हातात दिली. “हा तागा परत पाठव. दुसरा तू बघ. तू म्हणशील तर कापू.”

शबाना कात्री धरून तशीच उभी राहिली. आपा तिच्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, “चहा सांग सगळ्यांना. आल्याचा.” चहा येईपर्यंत त्या शबानाकडे बघत होत्या. त्यांना ती कितपत दिसत होती ते मला माहीत नाही. पण सात वर्षांत त्यांचा चेहरा एवढा सैल झालेला मी पाहिला नव्हता.

आपा अजूनही रोज दहाला येतात. कापड शबाना तपासते. तिनं पास केल्याशिवाय कात्री लागत नाही, आणि गेल्या महिन्यापासून ‘यासाठी कोष उकळलेला नाही’ या लेबलाखाली तिची सही असते.